विसार घेण्याआधी गिऱ्हाईक नीट तपासा – सोलापुरात घर विकणाऱ्यांसाठी

आमचं विजापूर रोडचं घर विकायला काढलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक जण आला आणि आम्ही सांगितलेला आकडा, ४२ लाख, एका दमात मान्य केला. घासाघीस नाही, नळाला पाणी किती दिवसाआड येतं हेही विचारलं नाही, गच्चीवर सुद्धा गेला नाही, आणि खिशातून ५१ हजारांचा चेक काढून टेबलावर ठेवला. आप्पा खूश झाले, आईने चहा टाकला, विसार पावतीवर, म्हणजे आगाऊ रक्कम घेतल्याच्या कागदावर, सह्या झाल्या. पुढचे आठ महिने तो माणूस दर पंधरा दिवसांनी वेगवेगळ्या लोकांना घेऊन घर दाखवायला यायचा, भाऊ आहे म्हणायचा, मित्र आहे म्हणायचा, आणि पैशाचं विचारलं की पुढच्या महिन्यात. खूप उशिरा लक्षात आलं की ह्याला घर घ्यायचंच नव्हतं, विसार मारून ठेवायचा आणि दुसऱ्याला वरच्या भावाने द्यायचं हाच त्याचा उद्योग. पावतीत एक ओळ होती, "लिहून घेणार यांचे नावे अगर ते सांगतील त्या इसमाचे नावे खरेदीखत करून देऊ", (लिहून घेणार म्हणजे विकत घेणारा), ती आम्ही कुणी वाचली नव्हती. मुदत तर लिहिलीच नव्हती.

म्हणून सांगतोय, भाव किती देतो हे नंतर बघा, आधी पैसे कुठून येणार आणि कधी येणार ते बघा, आणि हे सगळं विसाराचा एक रुपया घ्यायच्या आधी, कारण विसार घेतला की तुमचे हात बांधले जातात. विसार पावतीने मालकी जात नाही हे खरं, पण समोरचा कोर्टात जाऊन मला ठरल्या भावात खरेदी करून द्या असा दावा लावू शकतो, ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षांपर्यंत, आणि तारीखच लिहिली नसेल तर तुम्ही नकार दिल्याचं त्याला कळलं तिथून पुढे ३ वर्षं. २०१८ साली कायदा बदलला, त्याआधी असा हुकूम द्यायचा की नाही हे बरंचसं कोर्टाच्या मर्जीवर होतं, आता तसं राहिलं नाही. दावा चालू असलेलं घर कोण घेणार? ५१ हजारांसाठी ४२ लाखांचं घर अडकतं. फक्त एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, माझ्याकडे पैसे तयार होते आणि मी व्यवहार करायला तयार होतो हे त्याला कोर्टात दाखवावं लागतं. म्हणून तुम्ही पैशाबद्दल जे विचाराल ते व्हॉट्सॲपवर लिहून विचारा आणि उत्तरं जपून ठेवा, डिलीट करू नका.

पहिला प्रश्न, घर कुणाच्या नावावर घेणार? ऐकायला साधा आहे पण अर्धी गिऱ्हाइकं इथेच गळतात. आपल्याकडे बऱ्याचदा घर बघायला वडील येतात, लोन पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या पगारावर होणार असतं आणि त्या मुलाने घराचे फोटो सुद्धा बघितलेले नसतात. ज्याच्या पगारातून हप्ता जाणार त्याच्याशी एकदा व्हिडिओ कॉलवर का होईना स्वतः बोला. "काका, मी आहे ना, मुलाचं काय घेऊन बसलात" असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगायचं की सही त्याची लागणार आहे म्हणून बोलायचंय. ज्यांची नावं लागणार त्या सगळ्यांचं आधार आणि पॅन बघून घ्या. नाव नंतर सांगतो म्हणणारा गिऱ्हाईक मी तरी परत दारात उभा करणार नाही.

आता लोन. दहातले बरेच व्यवहार इथेच लटकतात, आणि "माझं लोन प्री-अप्रूव्ह आहे" ह्या वाक्याला फार किंमत देऊ नका, तसे मेसेज बँका कुणालाही पाठवतात. त्याच्या पगारावर बँकेने तत्त्वतः मंजुरीचं पत्र दिलं असेल तर ती एक पायरी झाली, पण खरी मंजुरी तुमच्या घराचे कागद बँकेच्या वकिलाने बघितल्यावर आणि इंजिनिअरने येऊन मूल्यांकन केल्यावरच. पत्र दाखवलं तर त्यावरची शाखा, तारीख, रक्कम आणि मुदत बघा, आणि खात्री करायला पत्रावरच्या किंवा त्याने दिलेल्या नंबरवर फोन न करता शाखेचा नंबर बँकेच्या वेबसाईटवरून काढा, किंवा सरळ त्याला घेऊनच शाखेत जा. खातेदार सोबत नसेल तर बँक तुम्हाला त्याची माहिती देणार नाही, त्यामुळे त्याला घेऊन जाणं हेच बरं.

थोडा हिशोब घरी कागदावर मांडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या लोनला ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के. म्हणजे ४२ लाखांच्या घराला बँकेने ८० टक्क्यांनी दिले तर ३३ लाख ६० हजार, उरलेले ८ लाख ४० हजार त्याने स्वतःचे घालायचे. त्यावर स्टॅम्प ड्युटी साधारण ६ टक्के धरली (बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी) तर अडीच लाख, नोंदणी फी ३० हजार, आणि हे लोनमध्ये धरत नाहीत. म्हणजे सव्वाअकरा लाख रोख तयारी पाहिजे. आणि ही झाली चांगली परिस्थिती, कारण बँक टक्केवारी तुमच्या भावावर नाही तर तिच्या मूल्यांकनावर काढते, जुन्या घराचं मूल्यांकन ३६ लाख आलं तर त्याच ८० टक्क्यांनी लोन २८ लाख ८० हजारच आणि त्याची तयारी एकदम १६ लाखांवर जाते. तेव्हा विचारायचा प्रश्न लोन होईल का हा नाही. बँकेने कमी दिलं तर वरचे कुठून आणणार, हा विचारायचा. ज्याने आधीच विचार केलाय तो लगेच सांगतो, एफडी आहे, पीएफ काढणार, सासरे देणार. ज्याने केला नाही तो म्हणतो "बघू की, होऊन जाईल".

हप्त्याचाही अंदाज घ्या. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर १ लाखाला साधारण ८७० रुपये हप्ता, ३३ लाखांना २८-२९ हजार, आणि बँका सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्याच्या आत बघतात. महिना ३५ हजार पगारवाला, घरात दुसरी कमाई नाही, गाडीचा हप्ता चालू, तर तो कितीही चांगला माणूस असला तरी हे घर त्याला झेपणार नाही. सिबिल, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याचा रिपोर्ट, तुम्ही काढू शकत नाही, त्याचा तोच काढू शकतो, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, दाखवायला सांगायला लाजू नका, फक्त शब्द नीट वापरा, "आमच्याकडे आधी एकदा व्यवहार फिसकटला, म्हणून सगळ्यांनाच विचारतोय". भिशी, हातउसने, सावकाराकडचं हे मात्र त्यात दिसत नाही.

अजून एक, लोन तुमच्या कागदामुळेही अडकतं. हद्दवाढ भागात गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले, प्लॉट भरपूर आहेत, बांधकाम परवान्यापेक्षा जास्त झालेलं असतं, उताऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव असतं. असं असेल तर लोनवाल्या गिऱ्हाईकाला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर दोन महिने त्याचेही जातात आणि तुमचेही, आणि मग त्यात त्याचा काय दोष.

लोन न काढणारे जे असतात त्यांच्याकडे बघायची पद्धत वेगळी. शेतकरी गिऱ्हाईक म्हणतो ऊसबिल आलं की देतो, तो खोटं बोलत नसतो, पण बिल कधी जमा होईल हे त्याच्या हातात नसतं, म्हणून बिलाच्या भरवशावर तारीख ठरवू नका, आज खात्यात किती आहे त्यावर ठरवा. "माझा जुना फ्लॅट विकला की देतो" म्हणणाऱ्याला विचारा की त्याचा विसार आला का, साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) झालं का, कारण ते नसेल तर तुम्ही दोघं एकाच गिऱ्हाईकाची वाट बघत बसणार. पूर्व भागातला कारखानदार असो की चाटी गल्लीतला दुकानदार, धंदेवाल्याकडे ३ वर्षांचे आयटीआर, म्हणजे आयकराची विवरणपत्रं, असतात, ती दाखवायला सांगा.

निम्मे रोखीत देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. आणि कागदावर ४२ च्या जागी २८ लिहिले की कायद्याने तुमचं येणं २८च, वरच्यांसाठी तुम्ही कुठल्या दारात जाणार?

चौकशी करायला सोलापूर तसं सोपं गाव आहे, कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. त्याच्या दुकानाच्या शेजारी विचारा, भाड्याने राहत असेल तर घरमालकाला विचारा, एजंटला विचारा की ह्यांचा याआधी कुठला व्यवहार तुम्ही केला आणि त्या माणसाशी बोलता येईल का. ई-कोर्ट्सच्या साईटवर सोलापूर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने केस शोधता येते, चेक बाऊन्सच्या दोन-चार केसेस दिसल्या तर समजून घ्या, फक्त सारख्या नावाची माणसं खूप असतात, तोच आहे ना ते तपासा. आणि मनापासून एक सांगतो, माणूस कुठल्या समाजाचा, घरात मराठी बोलतो की तेलुगू की कन्नड की उर्दू, ह्यावरून विश्वास ठेवूही नका आणि नाकारूही नका. आम्हाला अडकवणारा "आपलाच माणूस" होता.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली परीक्षा म्हणजे एक छोटं काम तारखेसकट द्यायचं. बुधवारी ४ वाजता बँकेत भेटू, येताना ६ महिन्यांचं स्टेटमेंट आणा. जो येतो तो बहुतेक शेवटपर्यंत येतो. जो तीन वेळा तारीख बदलतो त्याला खरेदीची तारीखही बदलायची असते.

हे सगळं पटलं की मग वकिलाकडून कागद करा, घरगुती पावती नको. त्यात लोनचं मंजुरीपत्र किती दिवसांत आणायचं (आम्ही दुसऱ्यांदा २१ दिवस दिले), खरेदी कुठल्या तारखेच्या आत, न झाल्यास विसाराचं काय, आणि मुदत पाळणं हीच मुख्य अट हे स्पष्ट शब्दांत, कारण तसं लिहिलेलं नसेल तर जागेच्या व्यवहारात कोर्ट मुदतीला फार घट्ट धरत नाही. "ते सांगतील त्या इसमाचे नावे" ही ओळ काढून टाका. मूळ कागद हातात देऊ नका, झेरॉक्स द्या आणि त्यावर फक्त बँक लोनसाठी असं लिहून सही करा. आणि चावी. पाडव्याचा मुहूर्त आहे, फक्त कलश ठेवतो, रंगकाम सुरू करतो, असं फार गोड बोलून मागतात. पूर्ण पैसे आल्याशिवाय देऊ नका, आत गेलेला माणूस बाहेर काढायला वर्षं जातात.

दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे जिथे खरेदीखत नोंदवतात तिथे, सही करायच्या आधी पैसे तुमच्या खात्यात दिसले पाहिजेत. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नाहीत, तुमच्या बँकेचं ॲप उघडून यूटीआर नंबर (त्या पैशाच्या व्यवहाराचा क्रमांक) जुळवा, लोनचा डीडी असेल तर ज्या शाखेने दिला तिथे विचारून घ्या. पुढच्या तारखेचे चेक खरेदीखतात अजिबात नको. सुरतच्या एका जमिनीच्या खटल्यात विकणारे म्हणत होते की १ कोटी ७४ लाखांतले आम्हाला ४० हजारच मिळाले, तरी २०२० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पैसे पूर्ण मिळाले नाहीत एवढ्या कारणावर नोंदलेलं खरेदीखत रद्द होत नाही, राहिलेल्या पैशासाठी वेगळा मार्ग आहे. तो मार्ग किती लांबचा ते वकिलालाच विचारा.

ऑनलाइन जाहिरात टाकली तर घर न बघता टोकन पाठवतो म्हणणारे फोन येतील, क्यूआर कोड पाठवतील. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, एवढं घरातल्या मोठ्यांना सांगून ठेवा.

आणि एखादा व्यवहार मोडलाच तर नुसतं "जाऊ द्या" म्हणून पुढे जाऊ नका. आम्ही वकिलाची नोटीस दिली, ५१ हजार त्याच्या खात्यात परत पाठवले, व्यवहार रद्द झाल्याचं लिहून त्याची सही घेतली, मूळ पावती परत घेतली, आणि मगच दुसऱ्या गिऱ्हाईकाला घर दाखवलं. घ्यायला आलेले दोघंही नोकरीवाले होते, ४० लाख ५० हजार म्हणाले, दीड लाख कमी. पण पहिल्याच भेटीत त्यांनी स्वतःहून विचारलं की बँकेच्या इंजिनिअरला कधी पाठवू.