सायकेडेलिक काळातले रॉकचे अंक : पुण्यात शोधावे कसे, टिकवावे कसे

१९६६ ते १९७० या सायकेडेलिक काळातला (म्हणजे भास-भ्रमाचा अनुभव देऊ पाहणाऱ्या रॉक संगीताच्या काळातला) रॉकच्या नियतकालिकाचा एखादा अंक हाती आला, की मुखपृष्ठावर भाळण्याआधी पानं मोजा. मधोमध पिना मारलेल्या अंकात प्रत्येक पान दुसऱ्या टोकाच्या पानाशी जोडलेलं असतं. ३२ पानी अंकात या जोडीची बेरीज ३३ येते : ५ बरोबर २८, १२ बरोबर २१. कुणी ५-६ हे पान फाडलं असेल, तर २७-२८ सुटं होऊन गळतं किंवा नुसतं आत सरकवून ठेवलेलं असतं. सगळ्यात आधी मधली १६-१७ ची जोडी तपासा. मोठं चित्र तिथे असेल, तर ते कधीच कुणाच्या खोलीच्या भिंतीवर गेलेलं असतं.

पुण्यात हाती लागण्याची आशा जास्त ती कलकत्त्याच्या ‘ज्युनिअर स्टेट्समन’ची, म्हणजेच ‘जेएस’ची. डेस्मंड डॉइग संपादक असलेलं हे तरुणांसाठीचं साप्ताहिक १९६७ ते १९७७ चाललं. १९७० आणि १९७१ च्या सिमला बीट या बँडच्या स्पर्धांच्या एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, निघाल्या. आपल्याकडच्या बँडचा तो भराचा काळ, म्हणून या दोन वर्षांचे अंक दिसले तर आधी उचला. जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो; सकाळी लवकर जा, गठ्ठे फुटायच्या आत. कॅम्प आणि डेक्कनच्या रद्दीवाल्यांना मोबाइलवर मुखपृष्ठांचे फोटो दाखवून ठेवा आणि एक गोष्ट आवर्जून सांगा : गठ्ठा सुतळीने आवळू नका. सुतळी जुन्या कागदाच्या कडा कापते, आणि ती चीर पुढे वाढतच जाते.

परदेशी अंक बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात, आणि फसगतही तिथेच होते. अमेरिकेच्या ‘रोलिंग स्टोन’ या रॉक नियतकालिकाचा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ चा, किंमत २५ सेंट, मुखपृष्ठावर जॉन लेनन. त्याच्या नकला निघालेल्या आहेत. विक्रेत्याकडून मजकुराचा अगदी जवळून घेतलेला फोटो मागवा आणि अंक आला की १० पट भिंगाखाली अक्षरं पाहा. जुन्या छपाईत अक्षराची शाई सलग, कड स्वच्छ असते; स्कॅन करून छापलेल्या प्रतीत अक्षरंसुद्धा बारीक ठिपक्यांत फुटलेली दिसतात. कागदही बोलतो : खरा न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कागद, कडेला तांबूस आणि आत फिका होत जातो. सगळीकडे सारखाच पिवळा असेल, तर शंका घ्या. मात्र त्या काळातल्या ‘रोलिंग स्टोन’ची मधली आडवी घडी हा दोष नव्हे, अंक विकायलाच घडी घालून येत.

न्यूजप्रिंटमध्ये लिग्निन हा लाकडातला घटक असतो. उजेड आणि हवा लागली की तो कागद पिवळा करतो, त्यात आम्ल तयार होऊन कागद ठिसूळ होतो. म्हणून अंक पॉलिप्रॉपिलिनच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा देऊन, आडवे ठेवा. एकावर एक १० पेक्षा जास्त नकोत. पीव्हीसीची पिशवी शाईला चिकटते, तर सेलोटेपचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग पाडतो, आणि तो डाग निघत नाही. पिना गंजल्या असतील तर पातळ सुरीने पाय उघडून बाहेर काढा, ओढू नका.

पुण्याचा पावसाळा हा खरा वैरी. जून ते सप्टेंबर कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, जमिनीलगतचा कप्पा रिकामा ठेवा, आत सिलिका जेल आणि स्वस्तातला हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या पुढे टिकली की बुरशी धरते. बुरशी ओल्या फडक्याने पुसली तर कागदात आणखी घुसते. आधी अंक पंख्याच्या खोलीत पूर्ण वाळू द्या, मग मास्क लावून, गच्चीवर सावलीत, मऊ ब्रशने झटका.

बाजारातून आणलेल्या गठ्ठ्यात कसर असणारच, असं धरून चाला. अंक हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरतं.