अँथ्राक्विनोन वापरून लाकडी लगद्याचा उतारा कसा वाढवावा

गायकवाडांचे जुने ठाणे असलेल्या गुजरातमधील सोनगडला आज लाकडाच्या लगद्यापासून कागद तयार होतो. वडोदऱ्यात रसायनशास्त्र शिकून या उद्योगात जाऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी अँथ्राक्विनोनची, म्हणजे लगद्याचा उतारा (लाकडाच्या कोरड्या वजनातून मिळणाऱ्या लगद्याचे प्रमाण) वाढवणाऱ्या सेंद्रिय रसायनाची, चाचणी प्रयोगशाळेत स्वतः करून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

क्राफ्ट पद्धतीत कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात लाकडाचे लहान तुकडे म्हणजे चिप्स शिजवताना तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन विरघळते, पण त्याचबरोबर तंतूंमधील सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजच्या साखळ्याही टोकाकडून झिजत जातात. अँथ्राक्विनोन या टोकांचे ऑक्सिडीकरण करून झीज थांबवते. त्यात त्याचे स्वतःचे क्षपण होते, आणि क्षपण झालेले हे रूप लिग्निनचे बंध तोडून पुन्हा मूळ रूपात येते. हे चक्र चालू राहत असल्यामुळेच अत्यल्प मात्रा पुरते.

नीलगिरी किंवा सुबाभळीच्या चिप्स चाळून जाड तुकडे व भुसा वेगळा काढावा, कारण जाड चिपच्या गाभ्यात द्रावण पोचले नाही तर कोणतेही रसायन ती उणीव भरून काढत नाही. ओलावा मोजून कोरडे वजन काढावे. ५०० ग्रॅम कोरड्या लाकडासाठी अँथ्राक्विनोनची ०.०५ टक्के मात्रा म्हणजे ०.२५ ग्रॅम होते. अँथ्राक्विनोन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याची बारीक पूड विखुरक (कण पाण्यात पसरवून ठेवणारा पदार्थ) घालून एकजीव करावी आणि तापमान चढण्यापूर्वीच द्रावणात मिसळावी. झीज सुमारे १०० अंशांपासूनच सुरू होत असल्याने उशिरा घातलेल्या मात्रेचा बराचसा लाभ वाया जातो. त्यानंतर हळूहळू १६५ अंश सेल्सियसपर्यंत तापवावे.

खरी काळजी तुलनेत घ्यावी लागते. लिग्निन जितके अधिक निघते तितका उतारा घटतो, त्यामुळे वेगवेगळ्या कप्पा नंबरांच्या (लगद्यात उरलेल्या लिग्निनचे माप) दोन लगद्यांचे उतारे शेजारी मांडून काहीच सिद्ध होत नाही. अँथ्राक्विनोनसह आणि त्याशिवाय, शिजवण्याचा काळ बदलत, प्रत्येकी किमान तीन पाक घ्यावेत, कप्पा व उताऱ्याचे आलेख काढावेत आणि समान कप्पा नंबरावर फरक वाचावा. तो साधारण एक ते दोन टक्के मिळाला तरी मोठ्या गिरणीसाठी ती लाकडाची मोठी बचत ठरते.

डायजेस्टर, म्हणजे चिप्स शिजवण्याचे बंद दाबपात्र, पूर्ण थंड झाल्यावर वायुवीजन असलेल्या जागीच उघडावा, कारण त्यातून निघू शकणारा हायड्रोजन सल्फाइड वायू प्राणघातक आहे. कर्करोगाच्या शक्यतेमुळे जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने २०१३ मध्ये खाद्यपदार्थांशी संपर्कात येणाऱ्या कागदासाठीच्या शिफारशींतून अँथ्राक्विनोन वगळले. म्हणून अशा कागदाच्या लगद्यासाठी ते वापरू नये.