मदतनिसांना औषधं द्यायला शिकवताना

पहिल्या दिवशी मी औषधाचं एक नावही उच्चारत नाही. टेबलावर शर्टाच्या रंगीत बटणांनी भरलेल्या बाटल्या मांडते, शेजारी खोट्या नावांचा चार्ट ठेवते आणि सांगते, "करा सकाळची फेरी." बटणं म्हणजे गोळ्या. चार्टात मी मुद्दाम चार खोड्या करून ठेवलेल्या असतात: एका आजोबांना ज्याची ॲलर्जी तेच औषध लिहिलेलं, एका बाटलीची मुदत उलटलेली, एक डोस दहापट, आणि एका ओळीचं अक्षर कुणालाच लागणार नाही असं. चटपटीत मुलं वीस मिनिटांत बटणं वाटून मोकळी होतात आणि शाबासकीची वाट बघतात. एखादीच तिसऱ्या बाटलीपाशी अडून बसते, "सिस्टर, मला हे वाचता येईना" म्हणते आणि वर ओशाळते. त्या दिवशी पास ती एकटीच.

वृद्धांच्या निवासात मदतनिसांना औषधं द्यायला शिकवायचं म्हणजे मुख्यतः हे अडणं शिकवायचं. हात चालवायला आठवड्यात येतं. हात आवरायला वेळ लागतो, कारण "सांगितलेलं निमूट कर" हेच त्यांना आजवर सगळ्यांनी शिकवलेलं असतं. आपणसुद्धा.

आधी हद्द आखून घ्या. मदतनिसाने काय द्यायचं याचे नियम जागोजागी वेगळे असतात. कुठे त्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आणि परीक्षा असते, कुठे मुळात परवानगीच नसते. परवानगी असली तरी इंजेक्शनं, इन्सुलिन, पोटातल्या नळीतून द्यायची औषधं, नव्या औषधाचा पहिला डोस आणि हिशेब करून काढायचा कुठलाही डोस मी सिस्टरकडेच ठेवते. ही यादी ट्रॉलीच्या झाकणावर चिकटवलेली असते. तोंडी सांगितलेली हद्द रात्रपाळीत पुसली जाते.

मग येतात ते पाच "योग्य": योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पाठ सगळ्यांचे होतात. माझेही होते. तरी एका दुपारी मी खोलीत शिरले, "तुम्ही अमुक आजी ना?" असं विचारलं, आजींनी गोड हसून मान डोलावली आणि मी त्यांना दुसऱ्याच आजींची रक्तदाबाची गोळी दिली. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. त्या सगळ्यालाच हो म्हणायच्या. डॉक्टरांना कळवलं आणि रात्रभर तासातासाला त्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघत बसले. आजी बऱ्या राहिल्या. "अमुक ना?" हा प्रश्न मात्र माझ्या तोंडून त्या दिवसापासून गेला. विचारायचं ते "आजी, पूर्ण नाव सांगता?" असं. ज्यांना सांगता येत नाही त्यांचा चार्टवरचा फोटो आणि मनगटावरचा पट्टा, दोन्ही जुळवायचे. पलंगाचा नंबर ही ओळख नव्हे. दुपारी निम्मी मंडळी दुसऱ्याच्या पलंगावर गप्पा मारत बसलेली असतात.

लेबल तीनदा वाचायचं: कपाटातून काढताना, वाटीत टाकताना, परत ठेवताना. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून मी हायड्रॅलझिन आणि हायड्रॉक्सिझिन अशा दोन बाटल्या शेजारी ठेवून दाखवते. पहिलं रक्तदाबाचं, दुसरं खाजेचं. घाईत नाव ओळखता येतं, वाचता येत नाही. एका वेळी वाटी एकाच माणसाची. दुसऱ्याने भरून ठेवलेली वाटी घ्यायची नाही, मग भरणारी मोठी सिस्टर का असेना. आणि सही गोळी गिळल्यावर. फेरीआधीच सह्या उरकून ठेवणारी कुणी दिसली तर मी ट्रॉली तिथेच थांबवते.

आकड्यांबद्दल थोडं. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना आधी शून्य हवंच, ०.५ असं, नुसता टिंब पुसट झाला की पाच होतात. उलट १ च्या पुढे टिंब देऊन शून्य लिहायचं नाही, ते दहा वाचलं जातं. पातळ औषध घरच्या चमच्याने मोजू नये, मापाच्या सिरिंजने किंवा पेल्याने मोजावं, पेला डोळ्यांच्या पातळीला धरून.

आता कुटण्याबद्दल. इथे मी दोन पूर्ण तास घालवते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे मायेपोटी होतं. आजोबांना गिळता येत नाही, मदतनिसाला दया येते, ती गोळी कुटून मऊ जेवणात मिसळते. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी तासन्‌तास हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते. कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. मॉर्फिनची असेल तर श्वास मंदावतो, रक्तदाबाची असेल तर माणूस उठता उठता कोसळतो. काही गोळ्यांवर जठरातल्या आम्लात टिकणारा थर असतो, तो फुटला तर पोट तरी जळतं नाहीतर औषध तरी वाया जातं. कॅप्सूलही उघडायची नाही: रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगाट्रानची कॅप्सूल उघडून दिली तर औषध जास्त शोषलं जातं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून नियम सोपा ठेवा. खलबत्ता सिस्टरच्या कपाटात, कुलुपात. गिळता येत नाही हे मदतनिसाने कळवायचं. औषध पातळ स्वरूपात मिळेल का, ते फार्मासिस्ट आणि डॉक्टर बघतील. तोवर आजोबांना ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, एका वेळी एकच गोळी, आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. गिळताना ठसका लागला किंवा आवाज पाणी भरल्यासारखा घोगरा झाला तर तिथेच थांबायचं.

वेळेचा अर्थही औषधागणिक बदलतो. बऱ्याच गोळ्या थोड्या मागेपुढे झाल्याने बिघडत नाही. पार्किन्सनच्या लेव्होडोपाला उशीर झाला तर माणूस पलंगात लाकडासारखा आखडतो. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि लोह-कॅल्शियमपासून चार तास लांब. हाडांसाठी दिली जाणारी ॲलेन्ड्रोनेट पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास ताठ. आडवं झालं तर अन्ननलिका भाजते. आणि संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असेल तर आठवड्यातून एकदाच. ते रोज दिलं गेल्याने माणसं दगावलेली आहेत. त्याच्या ओळीवर मी वार लाल शाईने लिहून उरलेले सहा दिवस आडव्या रेघेने बंद करते. हृदयाचं डिगॉक्सिन आधी नाडी पूर्ण मिनिटभर मोजल्याशिवाय नाही. ६० च्या खाली असेल तर गोळी वाटीतच आणि सिस्टरला हाक.

थेंब, पंप, पॅच हे हाताने करून घेतल्याशिवाय येत नाही. डोळ्यात दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं. स्टेरॉइडचा पंप ओढला की चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. फेंटॅनिल या तीव्र वेदनाशामकाचा, कातडीवर चिकटवायचा नवा पॅच लावण्याआधी जुना शोधून काढायचा, तोही पाठीमागे बघून. काढलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा. लावलेल्या पॅचवर गरम पाण्याची पिशवी कधीच ठेवायची नाही, उष्णतेने औषध भराभर शरीरात जातं.

आजी "नको" म्हणाल्या तर? जबरदस्ती नाही. थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं, तरी नको असेल तर कारणासकट लिहायचं आणि सांगायचं. न सांगता जेवणात लपवणं हा मदतनिसाचा निर्णय नाही, एकट्या सिस्टरचाही नाही. पुष्कळदा नकाराला कारण असतं: गोळी घशात अडकते, किंवा घेतल्यावर गरगरतं.

आणि इथेच मदतनीस आपल्यापेक्षा पुढे असतो. डॉक्टर दहा मिनिटं बघतात. अंघोळ घालणारी, केस विंचरणारी रोज बघते. काल पेपर वाचणारे आजोबा आज गुंगीत का, नवी गोळी सुरू झाल्यापासून आजी दोनदा का पडल्या, हिरड्यांतून रक्त का येतंय, हे तिलाच आधी दिसतं. मार्क बिअर्स या वृद्धरोगतज्ज्ञाने वृद्धांसाठी घातक ठरू शकणाऱ्या औषधांची यादी १९९१ मध्ये केली, ती मुळात अशा निवासांतल्या लोकांसाठीच होती. मी मदतनिसांना ती यादी पाठ करायला लावत नाही. "कालच्यापेक्षा आज काय वेगळं?" या एका प्रश्नाचं उत्तर रोज लिहायला लावते.

चूक झाली तर आधी माणूस बघायचा, मग सिस्टरला सांगायचं, मग लिहायचं. सांगणारीला ओरडायचं नाही, एवढं तुम्ही पाळा. एकदा सगळ्यांसमोर ओरडलात की पुढची चूक तुमच्यापर्यंत येणार नाही, वाटीसकट बेसिनमध्ये जाईल.

महिनाभर मी फेरीला सोबत चालते, मध्येच फोन लावते, नातेवाइकांचं नाटक करून प्रश्न विचारते. ट्रॉली उघडी टाकून कोण वळतं ते बघते. शेवटची परीक्षा मात्र न सांगता घेते. गडबडीच्या संध्याकाळी जाता जाता म्हणते, "अगं, त्या आजोबांना झोपेची एक गोळी देऊन टाक, मी नंतर लिहिते." गेल्या तुकडीतली एक मुलगी, तीच अक्षर न लागलेली, ट्रॉलीला कुलूप लावून माझ्यासमोर उभी राहिली. आवाज कापत होता. "चार्टात नाही, सिस्टर. आधी लिहा, मग देते."

मी तिला किल्ल्या दिल्या.