काटे-चमचे उजळायला बसण्याआधी

सुऱ्या वेगळ्या काढा. पुढचं वाचायचा कंटाळा असेल तर एवढंच लक्षात ठेवा आणि लागा कामाला. मागच्या वेळी मी सगळा सेट एकाच पातेल्यात व्हिनेगरमध्ये बुडवला आणि दुसऱ्या कामाला निघून गेले. चमचे झकास निघाले. सुऱ्यांच्या पात्यांवर मात्र धारेलगत सुईने टोचल्यासारखे बारीक काळे ठिपके. घासघास घासले, हलेनात. हलणार कसे, ते डाग नव्हतेच, धातूच खाल्ला गेला होता. नख फिरवलं की लागतं.

आता हे सुऱ्यांनाच का, ते एकदा समजून घ्या, म्हणजे टाळाटाळ होणार नाही. स्टेनलेस स्टील म्हणून जे विकलं जातं ते सगळं एका जातीचं नसतं. बऱ्याच चमच्यांच्या दांड्यामागे १८/१०, १८/८ असं काहीतरी ठोकलेलं असतं. पहिला आकडा क्रोमियमच्या टक्क्याचा, दुसरा निकेलचा. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून वर एक अतिशय पातळ थर धरतं आणि तो थर आतल्या लोखंडाला गंजू देत नाही. निकेल असलं की आम्लापुढे स्टीलचा टिकाव चांगला लागतो. सुरीला मात्र धार धरायची असते. पातं कडक हवं, म्हणून कार्बन जास्त, क्रोमियम साधारण १३ टक्के आणि निकेल जवळजवळ नाहीच. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये जे न गंजणारं पोलाद ओतलं त्यात क्रोमियम १२.८ टक्के होतं. जेवणाच्या सुरीचं पातं आजही त्याच्याच आसपास घुटमळतंय. सेटमध्ये सगळं एकसारखं चकाकतं म्हणून फसू नका.

ओळखायचं कसं? लोहचुंबक घ्या. १८/१० चा चमचा सहसा चिकटत नाही, सुरीचं पातं टपकन चिकटतं. १८/० चे चमचेही चिकटतील, त्यात निकेल नसतं. त्यांनाही सुऱ्यांच्याच पंगतीत बसवा. हिशोब सोपा ठेवा: चिकटलं ते बाजूला.

बाजूला काढायच्या वस्तू आणखी आहेत. लाकडी मुठी भिजवायच्या नाहीत. काही सुऱ्यांची मूठ पोकळ असते आणि पातं आत चिकटवलेलं असतं. अशी सुरी कडकडीत पाण्यात पडून राहिली की ती जोडणी सैल होते (सुरी भिजवू नका याचं हे दुसरं कारण, पहिलं पुरेसं वाटलं नसेल तर). सोनेरी किंवा काळ्या रंगाचा मुलामा असलेल्यांना फक्त साबण. चांदीचा मुलामा असेल तर तो वेगळाच विषय, इथे नको.

मग उजेडात डाग बघा. हे लोक करतच नाहीत, थेट घासत सुटतात. पांढुरके, खडूसारखे ठिपके म्हणजे जड पाण्यातले क्षार. त्यांना आम्ल लागतं. निळसर-जांभळी इंद्रधनुषी झाक म्हणजे तोच क्रोमियमचा थर उष्णतेने जाड झालाय, तिलाही आम्ल. चमच्याच्या खोलगट भागातला तपकिरी थर चहा-कॉफीचा, त्याला खाण्याचा सोडा. आणि नारिंगी ठिपके म्हणजे गंज. तो बहुतेक वेळा चमच्याचा स्वतःचा नसतो, लोखंडी तारेच्या घासणीचे कण किंवा शेजारी पडलेली गंजकी वस्तू असा तो पाहुणा आलेला असतो. सोड्याच्या लगद्याने निघतो.

सामान: पांढरं व्हिनेगर. नसेल तर सायट्रिक अ‍ॅसिड, एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा. खाण्याचा सोडा, म्हणजे खाण्याचाच. धुण्याचा सोडा फार तिखट, तो हाताच्या कातडीला त्रास देतो. भांड्यांचा साबण, मऊ स्पंज. काट्याच्या दात्यांच्या बेचक्यांसाठी जुना टूथब्रश, कारण तिथे स्पंज पोचत नाही आणि सगळा मळ तिथेच बसलेला असतो. कोरडी सुती फडकी दोन, आधीच पसरून ठेवा, ओल्या हाताने कपाट उघडायला लागू नये. आणि दोन वेगळी भांडी. दोन का? सुऱ्या चुकूनही चमच्यांच्या भांड्यात पडू नयेत म्हणून. एकच भांडं असेल तर सुऱ्या ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

काय आणायचं नाही, तेही सांगते. तारेची घासणी नको, ओरखडे पडतात आणि मागे राहिलेले लोखंडाचे कण नंतर गंजतात. ब्लीच नको. त्यातलं क्लोरीनयुक्त रसायन नेमकं तो रक्षक थर फोडतं आणि खड्डे पाडतं. शिवाय ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. तो फुप्फुसांना घातक आहे, ही काही ‘जरा जपून’ म्हणण्याची गोष्ट नाही, दोन्ही बाटल्या एका वेळी उघडायच्याच नाहीत. मीठही नको. लिंबावर मीठ घेऊन घासायचा उपाय तांब्या-पितळेला ठीक, पण मिठातलं क्लोराइड स्टीलच्या थराला तसंच पोखरतं. सुरीवर तर विचारूच नका.

अ‍ॅल्युमिनियमच्या कागदावर सोडा आणि गरम पाणी ओतायची युक्ती चांदीसाठी आहे. चांदी गंधकाने काळवंडते आणि तो काळेपणा त्या क्रियेत परत चांदीत बदलतो. स्टीलवर चांदीचा तो थरच नसतो, तेव्हा कागद वाया. आणि व्हिनेगर-सोडा एकत्र करून फेस काढण्याची हौस असेल तर ती नळाच्या जाळीवर भागवा. फसफस दिसते छान, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात आणि हाती बहुतांशी पाणीच उरतं. एका वेळी एकच.

आता प्रत्यक्ष काम. सुऱ्या काढल्या का? खात्री करा. आधी सगळं साबणाने धुवा, तेलकट चमच्यावर व्हिनेगर नुसतं घरंगळतं. मग चमचे-काटे कोमट पाणी आणि व्हिनेगर निम्मेनिम्मे अशा मिश्रणात दहा मिनिटं. दहा म्हणजे दहा, घड्याळ लावा, रात्रभर ठेवून जास्त उजळत नाहीत. इंद्रधनुषी झाक उरली तर फडक्यावर निव्वळ व्हिनेगर घेऊन पुसा, बघताबघता उतरते. तपकिरी आणि नारिंगी डागांना मधे एकदा पाण्याने खळबळून मग सोड्याचा लगदा: तीन भाग सोडा, एक भाग पाणी, बोटावर घेतला तर ओघळू नये इतका घट्ट. धातूवर बारीक रेषा असतील तर रेषांच्या दिशेने घासा, आडवं घासलं की मंद चट्टे दिसतात. आरशासारखं पॉलिश असेल तर हलक्या हातानेच.

सुऱ्यांचं काय करायचं? साबण, सोड्याचा लगदा, संपलं. पाठीकडून धारेकडे पुसा, उलटं नको, बोट कापेल. पांढरे ठिपके अगदीच डोळ्यांत खुपत असतील तर व्हिनेगर लावलेलं फडकं एकदा फिरवा आणि तिथल्या तिथे धुऊन टाका. फोन वाजला तर आधी सुरी धुवा, मग फोन घ्या. भिजत ठेवायची नाही. नाही म्हणजे दोन मिनिटंसुद्धा नाही, कारण दोन मिनिटांसाठी ठेवलेली वस्तू आठवते ती तासाने.

मग भरपूर पाण्याने धुणं. सोड्याची भुकटी काट्यांच्या बेचक्यांत अडकते, नळाखाली धरा.

पुसा लगेच, निथळत ठेवलं की पांढरे ठिपके परत. दुसऱ्या फडक्याने एकदा कोरडं. ओलं कपाटात नको, झालं.

आणि व्हिनेगरचं भांडं मोरीत ओतायच्या आधी तळ चाचपून बघा. सेटमधल्या सुऱ्या मोजा. लोणी लावायची आखूड सुरी चमच्यांखाली हटकून दडलेली असते.