सगळं पटतं, तरी मुलींचा खतना थांबत नाही: स्थलांतरित वस्तीत काम करताना या चुका टाळा

मुलींचा खतना किंवा सुंता, म्हणजे जननेंद्रियाचा भाग कापण्याची प्रथा, थांबावी म्हणून सभा पार पडते. चहा, समोसे, चित्रफीत, डॉक्टरीणबाईंचं भाषण. रक्तस्राव, लघवीचा त्रास, बाळंतपणातली गुंतागुंत, सगळं सांगून होतं. बायका माना डोलावतात, हजेरीवर सही करून घरी जातात. पुढच्या सुट्टीत त्यांच्यातल्याच एखादीची मुलगी आजोळी जाते आणि व्हायचं ते होतं. मग कार्यकर्ते म्हणतात, "या लोकांना कळतच नाही."

कळत नाही, असं धरून चालणं

कळतं. जिने स्वतः सोसलंय तिला ते दुखतं हे पत्रक वाटून काय सांगायचं? सोमालियात १५ ते ४९ वयाच्या जवळपास ९९ टक्के बायकांची सुंता झालेली आहे. जिथे सगळ्यांची झालेली, तिथे न झालेली मुलगी वेगळी पडते. घोडं अडतं ते सोयरिकीपाशी. जेरी मॅकी या अभ्यासकाने १९९६ मध्ये चीनमधल्या मुलींचे पाय घट्ट बांधून लहान ठेवण्याच्या चालीशी तुलना करून हेच मांडलं होतं: एकट्या घराने प्रथा सोडली तर त्या घरची लेक बिनलग्नाची राहण्याची भीती, सोयरी घरं मिळून सोडतील तर कोणाचंच काही बिघडत नाही.

सेनेगलमध्ये हे पाहायला मिळालं. १९९७ मध्ये मालिकुंडा बंबारा गावच्या बायकांनी प्रथा सोडल्याचं जाहीर केलं आणि आसपासच्या गावांनी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. तेव्हा देंबा दियावारा या वयस्कर इमामांनी नेमकं दुखणं ओळखलं: आमच्या लेकी-सुना ज्या गावांत आहेत त्यांना विचारल्याशिवाय एकट्या गावाला हे झेपणार नाही. ते पायी दहा गावं फिरले, नातेवाइकांशी बोलले. १९९८ मध्ये १३ गावांनी मिळून घोषणा केली.

स्थलांतरितांचं गणित याहून अवघड, कारण सोयरीक दोन-तीन देशांत पसरलेली. आई रॉटरडॅममध्ये, आजी हरगेसा या सोमाली शहरात, आणि फोन रोजचा. फक्त आयांना बोलावून सभा घेतलीत, तर ज्यांच्या हातात निर्णय आहे ती माणसं सभेबाहेरच राहिली.

त्यांचा शब्द सोडून आपला शब्द वापरणं

अहवालात 'जननेंद्रिय विच्छेदन' जरूर लिहा. सभेत तोच शब्द वापरलात तर समोरच्या बाईला ऐकू येतं: तुझ्या आईने तुला मुद्दाम अधू केलं. ती उठून जाते, आणि तिचं काही चुकत नाही. सोमाली घरात 'गुदनीन' म्हणतात, दाऊदी बोहरा घरात 'खतना' किंवा 'खफ्ज'. सुरुवात तिथून करा.

"आम्ही सोडलं" या उत्तरावर खूश होणं

लगेच विचारा, नेमकं काय सोडलं? अनेक सोमाली कुटुंबांच्या बोलण्यात 'सोडलं' म्हणजे 'फिरऔनी', शिवून टाकण्याचा प्रकार सोडला. 'सुन्ना' नावाचा कमी कापण्याचा प्रकार चालूच. "आम्ही तर डॉक्टरकडून करून घेतो" हेही तसलंच. जागतिक आरोग्य संघटना दोन्ही गोष्टी सुंतेतच धरते.

सगळा भार कायद्यावर टाकणं

ब्रिटनमध्ये कायदा १९८५ चा आणि पहिली शिक्षा २०१९ ची. यावरून काय ते समजा. कायदा निकामी नाही, पण तो वापरायची दुसरी रीत जास्त कामाची. नेदरलँड्समध्ये २०११ पासून प्रवासाला निघणाऱ्या आईबापांना एक सरकारी निवेदन मिळतं: सुंता परदेशात केली तरी गुन्हा आहे, अशा मजकुराचं. आजीच्या स्वयंपाकघरात ते दाखवून सून म्हणू शकते, "मी काय करू, आम्हाला तुरुंगात टाकतील." विरोध तिने केला नाही, सरकारने केला. घरातलं नातंही टिकतं.

परदेशातल्या बोहरा कुटुंबांबरोबर काम करणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं, कारण त्यांचं आजोळ बऱ्याचदा मुंबईत असतं. भारतात खतन्याविरुद्ध वेगळा कायदा नाही. २०१७ ची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवली. म्हणजे भेंडी बाजारात आईच्या मदतीला येईल तो राहत्या देशाचाच कायदा.

पुरुषांना आणि पोरांना न विचारणं

आया म्हणतात, मुलांना तशीच बायको हवी. मुलगे म्हणतात, आम्हाला कोणी विचारलं? दोघं एका घरात राहतात आणि हा विषय कधी बोलत नाहीत. म्हणून पुढच्या सभेत चित्रफीत वगळा आणि बिननावाच्या चिठ्ठ्या वाटा. प्रश्न दोनच: तुमच्या घरी येणाऱ्या सुनेची सुंता झालेली हवी का? इथल्या बाकीच्यांना काय हवं असेल, असं तुम्हाला वाटतं? दोन आकड्यांत बहुधा मोठी तफावत निघते: स्वतःला नको असतं, पण बाकीच्यांना हवं असेल असं वाटतं. ती फळ्यावर लिहून गप्प बसा, पुढचं बोलणं लोकच करतात. मात्र पहिल्याच प्रश्नाला बहुतेकांनी 'हवी' लिहिलं असेल तर आकडे मोठ्याने वाचू नका. चिठ्ठ्या पिशवीत घाला, चहा सांगा, आणि आधी दोन-चार आज्यांच्या घरी जाऊन या.