कडाक्याच्या थंडीआधी इंजिन हीटरची तयारी

तापमान उणे १५ अंशांच्या आसपास उतरले की इंजिनातले ऑइल घट्ट होते, बॅटरीचा जोर ओसरतो आणि सेल्फ मारल्यावर इंजिन जड आवाज करत कसेबसे फिरते. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी ते गरम करणाऱ्या हीटरची तपासणी हवा सुसह्य असतानाच उरकून घ्यावी. आपल्या गाडीत कूलंट तापवणारा ब्लॉक हीटर आहे की ऑइल पॅनला (इंजिनाखालच्या, ऑइल साठणाऱ्या भांड्याला) चिकटवलेला तापणारा पॅड, हे आधी गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. ब्लॉक हीटर असल्यास कूलंटची पातळी पूर्ण असावी आणि अँटीफ्रीझ व पाणी यांचे प्रमाण पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, बहुधा निम्मे-निम्मे, असावे. कूलंट नुकतेच बदलले असेल, तर इंजिन चालवून आत अडकलेली हवा बाहेर पडेपर्यंत हीटरला वीज देऊ नये, कारण कोरडा राहिलेला एलिमेंट, म्हणजे हीटरचा तापणारा भाग, पाहता पाहता जळतो.

खरी काळजी घ्यावी लागते ती वायरीची. गेल्या हिवाळ्यात हीटर जळाला असे समजून मी तो बदलायला निघालो होतो, आणि दोष निघाला तो प्लगच्या पिनांवर रस्त्यावरच्या मिठाने धरलेल्या हिरवट थरात. तेव्हा पिना स्वच्छ आहेत का, वायरीचे आवरण कुठे तडकले आहे का आणि ती पंख्याला किंवा एक्झॉस्टला घासत नाही ना, हे उजेडात नीट न्याहाळावे. एक्स्टेन्शन वायर बाहेर वापरण्याजोगी, अर्थिंगची, तीन पिनांची आणि शक्य तितकी आखूड असावी. तिची गुंडाळी तशीच ठेवू नये, आणि अर्ध्या तासाने ती हाताला गरम लागली तर अधिक जाड वायर घ्यावी. सॉकेटला अर्थ लीकेजपासून, म्हणजे वीजगळतीपासून, संरक्षण हवेच. ब्लॉक हीटर चालू झाला, की बोनेटजवळ पाणी तापताना येतो तसा बारीक आवाज बहुधा ऐकू येतो.

टायमर जरूर घ्यावा, मात्र त्याची क्षमता हीटरच्या वॅटपेक्षा जास्त असावी. निघण्याआधी २ ते ४ तास पुरतात: ६०० वॅटचा हीटर रात्रभर, म्हणजे १० तास चालला तर ६ युनिट वीज जाते, ३ तासांत २ युनिटांहूनही कमी.

ब्लॉक हीटर बॅटरीला ऊब देत नाही, त्यामुळे तिची लोड टेस्ट (भार देऊन केलेली चाचणी) वेगळी करून घ्यावी आणि टर्मिनल घासून ठेवावेत. पुस्तिका परवानगी देत असल्यास ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू श्रेणीचे, म्हणजे थंडीतही पातळ राहणारे, ऑइल भरावे. डिझेल गाडीत हिवाळी (थंडीत न गोठणारे) डिझेल आणि सुरू करताना इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लगही पाहावेत. इंधनावर चालणारा हीटर असेल, तर बंद गॅरेजमध्ये तो कदापि लावू नये, कारण त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.

शेवटी, ‘प्लग काढा’ अशी चिठ्ठी स्टिअरिंगला अडकवावी. सकाळी आधी भिंतीवरचा प्लग काढावा, मग गाडीकडचा. टोपण लावून वायर तिच्या क्लिपमध्ये बसवावी आणि त्यानंतरच सेल्फ मारावा.