अलिबागचा कुलाबा किल्ला: आधी ओहोटी, मग बाकी सगळं

मागच्या खेपेला माझ्या यादीत सतरा गोष्टी होत्या. सनस्क्रीन होतं, पत्ते होते, आत्याच्या गुडघ्याचं तेल होतं, बाप्पासाठी नारळ आणि दूर्वासुद्धा होत्या. भरती-ओहोटीची वेळ तेवढी नव्हती. परिणामी डोंबिवलीहून सात माणसं अलिबागच्या पुळणीवर जाऊन उभी राहिली, समोर किलोमीटर-दीड किलोमीटरवर किल्ला, मध्ये छातीच्या वर पाणी, आणि आत्या मला विचारतेय, "अरे, तू तर चालत जाता येतं म्हणाला होतास?"

चालत जाता येतं. पाणी ओसरलेलं असेल तर. यंदा पुन्हा जातोय, म्हणून हे आधी लिहून ठेवतो.

पहिलं काम तारीख ठरवणं, आणि तारीख म्हणजे ओहोटी. सुट्टी कुणाला कधी मिळते, पोरांची परीक्षा कधी संपते, रूम कुठली, हे सगळं त्यानंतर. मी गेल्या वेळी उलटं केलं. बीचवर चांदणं मिळेल म्हणून हौसेने पौर्णिमेचा शनिवार निवडला. आमच्या किनाऱ्यावर पौर्णिमेला आणि अमावस्येला भर दुपारी बाराच्या आसपास पूर्ण भरती असते आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास. आम्ही बरोबर बाराला पोचलो. होड्या असतात म्हणून तिकडे वळलो, तर होडीवाल्याने आत्याकडे आणि आईकडे बघून मान हलवली. उधाण आहे, म्हाताऱ्या माणसांना चढवणं-उतरवणं जमायचं नाही. बरोबरच होतं त्याचं.

तिथल्याच एका टांगेवाल्याने मला मग हिशेब शिकवला. तो कोकणातल्या लोकांना आजोबांपासून ठाऊक असतो आणि आम्हा कल्याण-डोंबिवलीकरांना नसतो. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. त्यात सहा तास मागे-पुढे केले की ओहोटी, सकाळी नऊच्या आसपास. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण कॅलेंडर हातात घेऊन कुठला आठवडा बाद करायचा ते एवढ्यावर कळतं.

आता कुणी हुशार म्हणेल, मग अष्टमीच बरी, झोप वगैरे काढून आरामात बाराच्या ओहोटीला जाऊ. नाही! अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते. भरतीला पाणी फार चढत नाही हे खरं, पण ओहोटीला ते फार उतरतही नाही. वेळ सोयीची आणि वाट पाण्यात. वेळेइतकंच पाण्याच्या उंचीकडे बघायचं ते यासाठी. ॲपमध्ये किंवा भरतीच्या तक्त्यात वेळेशेजारी मीटरमध्ये एक आकडा असतो, तो वाचल्याशिवाय तारीख पक्की करायची नाही. माझा आडाखा असा: ओहोटीचा आकडा एकच्या आत असेल तर जायचं, दीडच्या वर असेल तर तो आठवडा सोडायचा, मधल्यात स्थानिकांना फोन. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, त्यामुळे सकाळचा आकडा बघून संध्याकाळचा बेत करायचा नाही. तक्ता बहुतेक वेळा मुंबईचा, अपोलो बंदरचा मिळतो. अलिबाग त्याच किनाऱ्यावर आहे, थोड्या मिनिटांचा फरक धरून तो चालतो. शोधताना नावाचा घोळ मात्र होतो. आपला कुलाबा किल्ला अलिबागला, आणि फोन आपल्याला मुंबईच्या कुलाब्यात नेऊन सोडतो. रायगड जिल्ह्याचंच नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, हे त्या फोनला कोण सांगणार.

सगळं जमवून बघितल्यावर उरतात त्या पौर्णिमा-अमावस्येनंतरच्या द्वितीया, तृतीया, चतुर्थी. उधाणाचा जोर अजून असतो, म्हणून पाणी चांगलं ओसरतं, आणि ओहोटी सकाळी साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान पडते. शनिवारी पोचायचं, रविवारी सकाळी किल्ला. म्हणजे तिथी बघायची ती रविवारची, शनिवारची नाही. संकष्टीला ओहोटी साधारण नऊला येते, किल्ल्यात गणपती आहे, दोन्ही एकदम साधतं. अर्थात संकष्टी रविवारी हवी, आणि गर्दी सोसायची तयारी हवी. चांदण्याची हौस असलेल्यांना कृष्ण तृतीयेला आठ-साडेआठनंतर चंद्र मिळतो. तेवढा पुरे.

तारीख ठरली, आकडा बघितला? बघितला म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी, 'मेहुणा बघतो म्हणाला' असं नाही. मग पुढे वाचा.

जायचं कसं. दोन म्हातारी माणसं आणि सामान असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट रो-रो बोट. तासाभरात मांडवा, तिथून अलिबाग वीसेक किलोमीटर. गाडी नसेल तर गेटवेहून लाँच किंवा कॅटमरान, तिकिटातच पुढची बस असते. त्या लाँच पावसाळ्यात बंद असतात आणि पावसाळ्यात या किल्ल्याच्या वाटेला जायचंही नाही. रस्त्याने जाणाऱ्यांनी वडखळला शनिवारी सकाळी काय होतं ते एकदा अनुभवावं, मी सांगत बसत नाही. रो-रोचं परतीचं बुकिंगही आताच करा आणि ते रविवारी दुपारी चारच्या आधीचं नको. ओहोटी पाऊण तास उशिरा आली तर जीव टांगणीला लागत नाही. थंडीत लाँचच्या मागे सीगल येतात, पोरं त्यांना कुरकुरे भिरकावतात. आपल्या पोरांना भिरकावू देऊ नका.

राहायचं किनाऱ्याजवळ. स्विमिंग पूल असलेलं नागावचं सुंदर घर घ्याल आणि सकाळी सात जणांना आवरून अलिबागला आणेपर्यंत पाणी चढलेलं असेल. आमचं रविवारी तेच झालं. प्रतिपदा होती, म्हणजे ओहोटी सात वाजता. मला एव्हाना कळलेलं होतं, तरी घरमालकीणबाईंचे पोहे साडेआठला आले, त्यावर चहा, मग धाकट्याची चप्पल सापडेना. पुळणीवर पोचलो तेव्हा पावणेदहा. टांगेवाल्याने पाण्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. म्हणाला, "दादा, सोडायला सोडतो. पण आता गेलात की संध्याकाळपर्यंत तिकडंच." आमची बोट दोनची.

शनिवारी संध्याकाळीही एक ओहोटी होती, साडेसहाच्या सुमाराला. पाचला निघून धावतपळत दर्शन झालं असतं. तेव्हा आम्ही सुरमईचं ताट जेवून पंख्याखाली आडवे झालो होतो. म्हणजे दोन दिवसांत किल्ल्याची वाट दोनदा मोकळी झाली आणि दोन्ही वेळा आम्ही घरात होतो. म्हणून पुन्हा: ओहोटीची वेळ कागदावर लिहून रूमच्या दाराला आतून लावायची. नाश्ता परत आल्यावर. सकाळी बिस्किटं आणि चहाचा थर्मास, बास. ठरलेल्या ओहोटीच्या तास-सव्वा तास आधी सगळ्यांचे पाय वाळूत पाहिजेत, आणि पाणी वळल्यावर तासाभरात परत अलिबागच्या पुळणीवर. आत फिरायला तास-दीड तास मिळतो, त्यात सगळं होतं. पाणी पोटरीला लागलं म्हणजे मजा आली असं पोरांना वाटतं. मोठ्यांनी तसं वाटून घ्यायचं नाही, कारण मधल्या भागात पाणी बघता बघता वाढतं. टांगेवाला नको म्हणाला की नको. त्याच्याशी घासाघीस भाड्याची करा, पाण्याची नको.

पायात काय, हे दुसरं महत्त्वाचं. अनवाणी नको, वाळू संपून खडक लागतो आणि खडकावर कालवं असतात. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या, तळपाय कापतो आणि खारं पाणी झोंबतं. बूटही नको, भिजून जड होतात. मागे पट्टा असलेले भिजणारे सँडल. साध्या स्लिपर ओल्या वाळूत रुतून तिथेच राहतात. आत्या-आईसाठी टांगा सांगून ठेवायचा, पण टांगासुद्धा ओहोटीलाच जातो हे लक्षात आहे ना?

किल्ल्यात काय बघायचं हे आधी वाचून जा, कारण आत रेंगाळायला वेळ नाही. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, म्हणजे अखेरच्या दिवसांत याचं काम सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांचं हे मुख्य ठाणं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले आणि हात हलवत परत गेले. आम्हीही तसेच परत आलो, पण आम्ही निदान नारळ घेऊन आलो होतो. तट बघताना दगडांच्या फटींत बोट घालून बघा, बाहेरच्या बाजूला चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक बसवलेत. लाट आपटते, पाणी फटींतून आत मुरतं आणि जोर तिथेच मरतो. गणपतीचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं, शेजारी गोड्या पाण्याची पुष्करणी. चारही बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं, याचं आत्याला फार कौतुक आहे, अजून बघितलेलं नसताना. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत, त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलेलं. पोरांचे फोटो तिथेच काढा. पलीकडचा छोटा किल्ला, सर्जेकोट, लांबूनच बघा. खांदेरीचा जलदुर्ग २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्यामुळे थळहून तिकडेही जाऊ, असं मेहुणे म्हणतील. एका वीकेंडला एकच बेट.

बॅगेत: पाण्याच्या बाटल्या, टोप्या, मोबाइलला प्लास्टिकची पिशवी, तिकिटाला आणि टांग्याला सुटे पैसे, आत्याचं तेल. लहान पोरांचे जादा कपडे. आत जाण्याआधी सगळ्यांनी बाथरूम उरकून घ्यायची, कारण आत गेल्यावर कुणाला लागली तर ओहोटी त्याच्यासाठी थांबत नाही.

जेवणाचं मी काही सांगत नाही, अलिबागला मासे खायला यादी लागत नाही. आत्यासाठी शाकाहारी खाणावळ आधी विचारून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर पोपटी, म्हणजे मडक्यात पाल्यासकट भाजलेल्या शेंगा, सांगा, पण आदल्या दिवशी. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला आयत्या वेळी मिळत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला पांढऱ्या कांद्याची माळ. किल्ला झाल्यावर घ्या, आधी नको, टांग्यात ती कोण सांभाळणार.

परतताना: रूमचं भाडं, चार्जर, ओले कपडे वेगळ्या पिशवीत. मांडव्याला अर्धा तास आधी. झालं.

निघायच्या आदल्या रात्री रविवारची ओहोटी आणि आकडा परत बघायचा, तिथीवरून काढलेला नव्हे, तक्त्यातला. शनिवारी अलिबागला उतरल्यावर टांगेवाल्याला तिसऱ्यांदा विचारायचं. मागच्या खेपेचा नारळ सोमवारी डोंबिवलीत फुटला आणि त्याची चटणी झाली. आत्याने ती खाल्ली नाही.